थांबवणारा हात

मुष्टियुद्धाची आवड असणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. माणसाने माणसाला मारलेले पाहण्यात कसला आनंद, हा पहिला. आणि मग तुम्ही क्रिकेट का पाहत नाही, हा दुसरा. बंगळुरूसारख्या शहरात, जिथे गुंडप्पा विश्वनाथ, अनिल कुंबळे, राहुल द्रविड ही नावे घराघरांत आपुलकीने घेतली जातात, तिथे दुसरा प्रश्नच अधिक वेळा आणि अधिक आश्चर्याने विचारला जातो. या शहराच्या छावणी भागात राहणारे एक वृद्ध मराठी गृहस्थ गेली पन्नास वर्षे हे दोन्ही प्रश्न ऐकत आले आहेत. दुसऱ्याचे उत्तर ते हसून देतात. पहिल्या प्रश्नाला मात्र ते हसत नाहीत. तो प्रश्न खरा आहे, असे त्यांचे मत आहे. आणि त्याचे पुरते उत्तर आपल्याला सापडले आहे, असा त्यांचा दावा नाही.

हे गृहस्थ एका सरकारी कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. घरात मराठी, दारात कन्नड, बाजारात तमिळ आणि दखनी उर्दू, असा त्यांचा चार भाषांचा संसार आहे. बंगळुरूत मराठी घरे कशी आली, असे कोणी विचारले की ते शहाजीराजांचे नाव सांगतात. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, ही इतिहासातली गोष्ट त्यांना अभिमानाची वाटते. आपले आजोबा मात्र शहाजीराजांच्या घोडदळाबरोबर आले नव्हते, बेळगावहून रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने आले होते, हेही ते लगेच सांगून टाकतात.

वडील कुस्तीचे शौकीन होते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील कुस्त्या पाहण्यासाठी ते रजा काढून जात. बंगळुरूच्या जुन्या पेठेतही तालमी आहेत. कन्नडमध्ये त्यांना ‘गरडी मने’ म्हणतात. तांबड्या मातीचा हौदा, भिंतीला टेकवलेले मुद्गल, कोनाड्यातला हनुमंत. महाराष्ट्रातल्या माणसाला तिथे गेल्यावर परके वाटत नाही. वडिलांचा हात धरून या तालमीत जाणारा मुलगा कुस्तीचाच रसिक व्हायचा. पण घर छावणीत होते, आणि छावणीत वेगळाच खेळ चाले. ब्रिटिशांनी १८०९ मध्ये बंगळुरूत लष्करी छावणी वसवली, आणि गोऱ्या पलटणींबरोबर मुष्टियुद्धही या भागात आले. पलटणी गेल्या, खेळ राहिला. भारतीय लष्कराने तो जोपासला. इकडे कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या वसाहतीतही अँग्लो-इंडियन आणि तमिळ कामगारांची मुले मोजे चढवून रिंगणात उतरू लागली. त्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. तिथल्या लढतींच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे बंगळुरूत अजून भेटतात, आणि एकदा बोलू लागली की थांबत नाहीत.

कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांतला फरक या गृहस्थांना लहानपणीच जाणवला होता. तो शब्दांत मांडायला त्यांना पुढे बरीच वर्षे लागली. कुस्ती स्वतःच संपते. पाठ मातीला लागली की मल्ल चीतपट झाला. वस्तादाला, पंचाला, प्रेक्षकाला ते एकदमच कळते. हरलेला मल्ल उठतो, अंगावरची माती झटकतो आणि निघून जातो. मुष्टियुद्धाला असा नैसर्गिक शेवट नाही. फेऱ्या संपेपर्यंत दोघे उभे राहिले तर गुण मोजायचे. एक जण खाली पडला आणि दहा अंक मोजेपर्यंत उठला नाही, तर लढत संपली. इंग्लंडमध्ये १८६७ साली क्वीन्सबेरी यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या नियमांनी तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती, हातात मोजे आणि दहा अंकांची मोजणी ही चौकट घालून दिली. पण या दोन शेवटांच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते. मनुष्य उभा असतो, हातही वर असतात, पण तो लढत नसतो. तो फक्त मार खात असतो. अशा वेळी ही लढत कोणीतरी थांबवावी लागते. ते ‘कोणीतरी’ कोण, हाच त्यांच्या मते या खेळातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

म्हैसूरच्या दसऱ्याचा दाखला ते नेहमी देतात. तिथे राजवाड्याच्या आवारात विजयादशमीला जेट्टी घराण्यांतले मल्ल ‘वज्रमुष्टी’ची लढत खेळतात. मुठीत टोकदार आयुध असते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यातून रक्ताचा थेंब आला की लढत तत्क्षणी संपते. ऐकणाऱ्याला हा प्रकार रानटी वाटतो. हे गृहस्थ म्हणतात, तिथे शेवट कुठे, हे लढणाऱ्यांना, पाहणाऱ्यांना आणि राजालाही आधीपासून ठाऊक असते. बारा फेऱ्यांच्या झगमगाटी लढतीत ते कोणालाच ठाऊक नसते. रानटी कशाला म्हणायचे, ते आपण ठरवावे.

त्यांचे व्यावसायिक मुष्टियुद्धाचे वेड १९७१ साली सुरू झाले. त्या वर्षीच्या ८ मार्चला न्यूयॉर्कमध्ये मोहम्मद अली आणि जो फ्रेझर प्रथमच समोरासमोर आले. पंधरा फेऱ्यांअंती फ्रेझर जिंकला. बंगळुरूत तेव्हा दूरदर्शन नव्हते. लढत वर्तमानपत्रात वाचायची, चहाच्या दुकानात तिची चर्चा करायची आणि उरलेली मनाशी रचायची. ज्या लढती आपण वाचल्या त्या पाहिलेल्या लढतींपेक्षा अधिक स्पष्ट आठवतात, असे ते सांगतात. पुढे चित्रफिती आल्या, मग क्रीडावाहिन्या आल्या, आणि वाचलेल्या लढती त्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या. काही ठिकाणी त्यांची निराशा झाली. काही ठिकाणी मत बदलले.

मत बदलले ते प्रामुख्याने १९७४ च्या किन्शासा येथील लढतीबद्दल. जॉर्ज फोरमनसारख्या धिप्पाड योद्ध्यापुढे अलीने दोरांना पाठ टेकली, त्याला मनसोक्त ठोसे मारू दिले, आणि तो दमल्यावर आठव्या फेरीत त्याला आडवे केले. बुद्धीने बळावर मिळवलेला हा विजय म्हणून जगभर गाजला. तरुणपणी हे गृहस्थही ती कथा रंगवून सांगत. चित्रफीत पाहताना त्यांनी एकदा अलीने मारलेले ठोसे सोडून दिले आणि त्याने खाल्लेलेच मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी मोजणे बंद केले. १९८४ मध्ये अलीला पार्किन्सनचा विकार असल्याचे निदान झाले, आणि २०१६ मध्ये त्याचे निधन होईपर्यंत थरथरणारे हात घेऊन जगणारा अली जगाने पाहिला. त्या विकाराचे एकच एक कारण सांगता येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरीही ती मोजणी त्यांच्या मनातून जात नाही.

सर्वांत श्रेष्ठ लढत कोणती, असे विचारले तर ते १ ऑक्टोबर १९७५ ची मनिलातली लढत सांगतात. अली आणि फ्रेझर यांची ती तिसरी आणि शेवटची झुंज. फिलिपिन्सच्या भयंकर उकाड्यात, सकाळच्या वेळी, चौदा फेऱ्या दोघांनी एकमेकांना अक्षरशः झोडपले. फ्रेझरचा डोळा सुजून बंद झाला होता. पंधरावी फेरी तेवढी उरली होती, आणि फ्रेझर उठायला तयार होता. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला खाली बसवले आणि लढत सोडून दिली. विजय अलीच्या नावावर लिहिला गेला. या गृहस्थांच्या मते त्या सकाळचे खरे विजेते फच होते. तीन मिनिटांनी कदाचित जगज्जेतेपद मिळाले असते, आणि ती तीन मिनिटे त्यांनी आपल्या शिष्याला नाकारली. शिष्य रागावला. पुढेही कित्येक वर्षे त्याच्या मनातली खंत गेली नाही, असे म्हणतात. पण तो घरी गेला, त्याने मुलाबाळांत आयुष्य काढले आणि २०११ पर्यंत जगला.

फच यांच्यासारखा माणूस प्रत्येक कोपऱ्यात नसतो. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगासमध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक-कू आणि अमेरिकेचा रे मॅन्सिनी यांची लढत चौदाव्या फेरीपर्यंत चालली. पंचाने ती थांबवली तेव्हा उशीर झाला होता. किम बेशुद्ध झाला आणि काही दिवसांतच मरण पावला. त्यानंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या केल्या, आणि दशक संपेपर्यंत इतर प्रमुख संस्थांनीही तेच केले. मुष्टियुद्धाचे नियम असेच सुधारले आहेत, असे हे गृहस्थ म्हणतात. कोणीतरी मेल्यावर.

इतर गाजलेल्या लढतींबद्दलही त्यांची मते आहेत आणि ती बहुधा चारचौघांना पटत नाहीत. १९८७ मधली शुगर रे लिओनार्ड आणि मार्व्हिन हॅगलर यांची लढत हॅगलरने जिंकली होती, असे ते आजही ठासून सांगतात. तीन गुणलेखकांपैकी दोघांना तसे वाटले नाही, त्याला इलाज नाही. १९९७ मध्ये माइक टायसनने होलिफिल्डचा कान चावला, त्या प्रसंगावर ते बोलत नाहीत. २०१५ ची मेवेदर आणि पॅकियाओ यांची लढत, जी पाहून जगातले निम्मे प्रेक्षक कंटाळले, ती त्यांना आवडते. मार चुकवणे हीच या विद्येतली कठीण गोष्ट. मारणे त्या मानाने सोपे, असे त्यांचे म्हणणे. प्रेक्षकाला रक्त हवे असेल तर त्याने खाटकाच्या दुकानात जावे, असेही ते एकदा रागाच्या भरात म्हणाले होते.

भारतात व्यावसायिक मुष्टियुद्ध रुजेल, असे त्यांना कधी वाटले नव्हते. हौशी मुष्टियुद्धाची परंपरा आपल्याकडे मोठी. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार हे मराठी मुष्टियोद्धे भारतीय संघात होते. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूटमध्ये पुढे कितीतरी मुले घडली. विजेंदर सिंगने २००८ मध्ये बीजिंगला देशाचे पहिले ऑलिंपिक पदक मिळवले, मेरी कोमने २०१२ मध्ये लंडनला दुसरे. विजेंदर २०१५ मध्ये व्यावसायिक झाला, तेव्हा या गृहस्थांना आनंद झाला आणि काळजीही वाटली. ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळीला त्याची लढत होती. हे गृहस्थ दादरला बहिणीकडे उतरले आणि लढत पाहून आले. चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीवर विजेंदरने दहा फेऱ्यांअंती गुणांवर विजय मिळवला. डोकलामचा तणाव चालू होता. शांततेसाठी आपण हा किताब परत द्यायला तयार आहोत, असे विजेंदरने जिंकल्यावर जाहीर केले. लढतीपेक्षा ते बोलणे त्यांना अधिक भावले. एक गोष्ट मात्र खटकली. मुख्य लढतीच्या आधी अनेक छोट्या लढती झाल्या. अखिल कुमार आणि जितेंद्र कुमार हे दोन ऑलिंपियन त्याच रात्री प्रथम व्यावसायिक रिंगणात उतरले. आरंभीच्या मुलांच्या लढती चालू होत्या तेव्हा पुढच्या महागड्या खुर्च्यांवरची मंडळी अजून यायची होती. ती मुले मोकळ्या खुर्च्यांपुढे रक्त सांडत होती.

मार्च २०२१ मध्ये गोव्यात, मांडवी नदीतल्या एका कॅसिनो जहाजाच्या छतावर विजेंदर प्रथमच हरला. पाचव्या फेरीत पंचाने लढत थांबवली. अनेकांनी हळहळ व्यक्त केली. हे गृहस्थ म्हणाले, पंचाने आपले काम केले.

कौर सिंग यांची आठवणही त्यांच्या बोलण्यात वारंवार येते. २७ जानेवारी १९८० रोजी दिल्लीत या लष्करी जवानाने खुद्द मोहम्मद अलीबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळली. दोन वर्षांनी दिल्लीच्याच आशियाई क्रीडास्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले. वृद्धापकाळी आजारपणाचा खर्च भागवणे त्याला जड गेले, आणि बातम्या छापून आल्यावर मदत मिळाली. २०२३ मध्ये तो वारला. अलीशी लढलेला एकमेव भारतीय म्हणून आपण त्याला ओळखतो. औषधाच्या दुकानात त्या ओळखीवर उधारी मिळत नाही, एवढेच हे गृहस्थ म्हणतात.

या साऱ्या मोठ्या लढती दूर घडल्या. जवळची गोष्ट आहे ती एका व्यायामशाळेची.

बंगळुरूच्या पूर्व भागात, एका मोटार दुरुस्तीच्या दुकानावर, पत्र्याच्या छपराखाली ही व्यायामशाळा भरते. हे गृहस्थ दर शनिवारी संध्याकाळी तिथे जातात. कोपऱ्यातल्या लोखंडी बाकावर बसतात. मुले त्यांना ‘अंकल’ म्हणतात. रिंगण म्हणजे गादीवर ताणलेले ताडपत्रीचे कापड आणि चार दोर, त्यांपैकी एक जरा सैल. लष्करातून निवृत्त झालेले प्रशिक्षक शिट्टीऐवजी जेवणाच्या ताटावर चमचा वाजवून फेरी संपवतात.

तिथे दोन जातींची माणसे येतात. संगणक कंपन्यांत काम करणारी माणसे सहा ते सात येतात. वजन घटवायचे असते, दिवसभराचा वैताग पिशवीवर काढायचा असतो. त्यांचे मोजे नवे असतात. व्यायामशाळेचे भाडे त्यांच्या शुल्कातून निघते, म्हणून प्रशिक्षक त्यांच्याशी अदबीने बोलतात. सातनंतर दुसरी मुले येतात. कोणी इमारतीचा पहारेकरी, कोणी मणिपूरहून आलेला हॉटेलातला कामगार, कोणी महाविद्यालय सोडलेला. मोजे सामाईक, आणि आतून ओले. या गृहस्थांना त्यांच्यात रस. मणिपूरच्या मुलाचे पाय पाहावेत, असे ते म्हणतात. त्याचे हात अजून त्याच्या पायांच्या योग्यतेचे झालेले नाहीत. एक मुलगी डाव्या हाताने लढते आणि समोरच्याला घाई करायला लावते. तिला कोणी शिकवलेले नाही, ते तिला उपजतच कळते. पहारेकरी ताकदवान आहे, पण मारताना डोळे मिटतो. डोळे मिटणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. हे त्यांनी त्याला सांगितले नाही, कारण रोज संध्याकाळी तिथला एक तास सोडला तर त्या मुलाच्या दिवसात आनंदाचे दुसरे काही नव्हते.

आणि एक होता घरपोच जेवण पोहोचवणारा. वय एकवीस. आईवडील उत्तर कर्नाटकातून इमारतींच्या कामावर आलेले. दिवसभर मोटारसायकलवर डबे पोहोचवायचे आणि रात्री सराव करायचा. त्याचा डावा सरळ ठोसा, ज्याला जॅब म्हणतात, तो घड्याळाच्या काट्यासारखा नेमका. पन्नास वर्षांत स्थानिक व्यायामशाळेत असा हात आपण तीनदाच पाहिला, असे हे गृहस्थ सांगत. त्याला परगावच्या एका कार्यक्रमात चार फेऱ्यांची व्यावसायिक लढत मिळाली. ठरलेला योद्धा जायबंदी झाल्याने जागा रिकामी झाली होती. हातात दहा दिवस होते. मोबदला त्याच्या दोन महिन्यांच्या कमाईइतका.

लढतीला आठ दिवस उरले असताना शनिवारी तो आपल्याहून पंधरा किलो जड असलेल्या एका मुलाबरोबर सराव करत होता. दुसऱ्या फेरीत उजव्या हाताचा एक ठोसा त्याच्या कानशिलावर बसला. तो पडला नाही. त्याचे गुडघे क्षणभर सैल झाले आणि पुन्हा ताठ झाले. प्रशिक्षक त्या वेळी कोणाच्या तरी हाताला पट्टी बांधत होते. बाकावर बसलेल्या गृहस्थांनी मात्र ते पाहिले. सराव संपल्यावर मुलगा त्यांच्याजवळ येऊन बसला. ट्यूबलाइटकडे पाहताना तो डोळे बारीक करत होता. ‘अंकल, मंगळवारी सराव किती वाजता?’ त्याने विचारले. त्यांनी सांगितले. पाच मिनिटे गेली. ‘अंकल, मंगळवारी सराव किती वाजता?’

त्यांनी त्याला एवढेच विचारले, ‘डोके दुखते का?’

तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘थोडे. सरांना सांगू नका.’

डोक्याला मार बसल्यावर मेंदू सावरायला वेळ लागतो, आणि तो सावरण्यापूर्वी दुसरा मार बसला तर तो साधा असला तरी जीवघेणा ठरू शकतो. डोक्याला मुलामा असलेले शिरस्त्राण घातले की हा धोका टळतो, अशी अनेकांची समजूत आहे. शिरस्त्राण कातडी फाटण्यापासून वाचवते. कवटीच्या आत मेंदू हिसकला जातो, त्याला ते फारसे काही करू शकत नाही. म्हणूनच हौशी मुष्टियुद्धाच्या नियमांत डोक्यावरच्या ठोशाने बाद झालेल्या खेळाडूला किमान तीस दिवस रिंगणापासून दूर ठेवतात. हे सारे त्या गृहस्थांना पाठ होते. शिवाय बंगळुरूतच जुलै २०२२ मध्ये किकबॉक्सिंगच्या एका स्पर्धेत ठोसा बसून एक तरुण खेळाडू मरण पावला होता. तिथे वैद्यकीय मदतीची पुरेशी सोय नव्हती, अशी तक्रार त्याच्या घरच्यांनी केली होती. ती बातमी आली तेव्हा व्यायामशाळेतली मुले आठवडाभर गप्प होती. नवव्या दिवसापासून पुन्हा पहिल्यासारखे सुरू झाले.

रविवारचा दिवस त्या गृहस्थांनी घरीच काढला. मुलाने विश्वासाने सांगितले होते. तो आपला कोणी नव्हता. त्याच्या घरी दोन महिन्यांचे पैसे म्हणजे काय, याचा त्यांना अंदाज होता. डोके दुखणे एखादे वेळी उन्हातान्हात मोटारसायकल चालवल्यानेही असू शकते. सोमवारी सकाळी त्यांनी प्रशिक्षकांना दूरध्वनी केला.

प्रशिक्षकांनी मुलाला सरकारी रुग्णालयात नेले. तपासणीच्या छायाचित्रात काही आढळले नाही. तरी डॉक्टरांनी महिनाभर ठोसा खायचा नाही, असे बजावले. प्रशिक्षकांनी लढतीतून नाव काढून घेतले. त्याच्या जागी दुसऱ्या व्यायामशाळेतला एक मुलगा गेला. तो गुणांवर जिंकला, आणि त्याला पुढची लढतही मिळाली.

पुढच्या शनिवारी मुलगा आला तो सरळ बाकापाशी. ‘अंकल, छायाचित्रात काहीच नव्हते,’ तो म्हणाला. ‘तुम्हाला सांगायला काय गेले? तुम्ही आयुष्यात एक तरी ठोसा खाल्ला आहे का?’

नव्हता खाल्ला. पन्नास वर्षे त्यांनी फक्त पाहिले होते. फच यांनी फ्रेझरला खाली बसवले तेव्हा त्या आज्ञेमागे आयुष्यभराची तालीम होती. स्वतः खाल्लेले ठोसे होते. त्यांच्यामागे एक लोखंडी बाक होता. त्यांनी मुलाला काही उत्तर दिले नाही. प्रशिक्षक मधे पडले आणि म्हणाले, ‘सरांनी सांगितले नसते तर मला कळलेच नसते. चूक माझी आहे.’ मुलाने आपली पिशवी उचलली. महिना संपल्यावर तो परत आला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका व्यायामशाळेत त्याने नाव घातल्याचे कळले.

त्याच्या जाण्याने त्या गृहस्थांच्या मतांत थोडा फरक पडला. फच यांच्याबद्दल बोलताना पूर्वी ते फच यांचेच गुण गात. आता ते फ्रेझरबद्दल अधिक बोलतात. चौदा फेऱ्या लढून, एका डोळ्याने पाहत, उठायला तयार असलेल्या माणसाला बसवले तर त्याला काय वाटले असेल, याचा आपण कधी विचारच केला नव्हता, असे ते म्हणतात. थांबवणाऱ्याचे बरोबर असते, आणि तरीही थांबवलेल्याचे काहीतरी कायमचे हिरावले जाते. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हे त्यांना सांगता येत नाही.

सात महिन्यांनी शहरातल्याच एका सभागृहात छोट्या व्यावसायिक लढतींचा कार्यक्रम होता. भिंतीवरच्या जाहिरातीत त्या मुलाचे नाव चौथ्या ओळीत होते. त्यांनी तिकीट काढले. गेल्या गेल्या त्यांनी सभागृहाला एक वळसा घातला. मागच्या दाराशी रुग्णवाहिका उभी होती आणि चालक जागेवर होता. रिंगणालगत डॉक्टरांसाठी खुर्ची होती, आणि तिच्यावर डॉक्टर होते. मग ते आपल्या जागी जाऊन बसले.

सरावात सोळा औंसांचे मोजे असतात. लढतीत आठ किंवा दहा औंसांचे. आवाजावरूनच फरक कळतो. पहिल्या दोन फेऱ्या मुलाच्या जॅबने जिंकल्या. तिसऱ्या फेरीत समोरच्याचा उजवा हात बचाव भेदून आत आला आणि मुलगा दोरांवर आदळला. पंच पुढे झाले, वाकून त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिले. सभागृह ओरडत होते. हे गृहस्थ केव्हा उठून उभे राहिले, ते त्यांनाच कळले नाही. पंचांनी लढत पुढे चालू ठेवली. चौथ्या फेरीत मुलाने फारसे काही केले नाही, पण फारसे काही खाल्लेही नाही. लढत बरोबरीत सुटली.

आतल्या खोलीकडे जाणारी वाट त्यांच्या रांगेशेजारून होती. मुलगा आला तेव्हा त्याच्या खांद्यावर टॉवेल होता आणि डाव्या भुवईवर चिकटपट्टी होती. त्याने त्यांना पाहिले. तो थांबला नाही. जवळून जाताना तो हळूच म्हणाला, ‘डोके दुखत नाही, अंकल.’

ते खरे होते की नाही, हे त्यांना त्याच्या चालण्यावरून ओळखता येईना. दार बंद होईपर्यंत ते त्याच्या पायांकडे पाहत राहिले.